साडेनऊ फूट

मुलगा जहाजावर. त्याला आमचं फाटक
कुठल्याशा समुद्रातून दिसतं.
काजूच्या दिवसांत एका सकाळी त्याचा फोन आला:
आई, पडवीचं चित्र काळं का?
बाहेर जाऊन पाहिलं. खांबावर दोन भोकं,
पालीने टाकून दिलेल्या शेपटीसारखी
कापलेली वायर,
आणि कॅमेरा नाही.

घरातलं काहीच गेलं नव्हतं.
बियांची दोन पोती ओसरीवर तशीच,
पितळेची घागर तशीच.
चोराने फक्त बघणारा नेला.

हवालदार म्हणाला, बाई, साक्षीदारच पळवला,
आता जबानी कोणाची घेऊ?
हा विनोद कोरगावात आठवडाभर पुरला.
पाव मोजताना पोदेरसुद्धा हसला.

पण तांदळाच्या डब्यामागे
मुलाने एक काळी पेटी लपवली होती.
तिच्यात शेवटचे अकरा सेकंद:
मोप्याला उतरणाऱ्या विमानाचा दिवा,
मग पानं हलतात,
मग एक हात.
चेहरा नाही. टोपीची कड, आणि हात.
इतका जवळ येतो की हस्तरेषा वाचाव्यात,
आणि पाना फिरवतो.
डावा हात. करंगळी बाहेर,
वाकडी, मिटायला तयार नसलेली.

मी ते सत्तावीस वेळा पाहिलं.
मुलाला म्हटलं, काही कळत नाही रे.

मंगळवारी तुळशीदास पालयेकर आला, शिडी घेऊन.
पेडण्याच्या बाजारात त्याचं दुकान.
खाली लावला होता, म्हणून गेला, बाई.
साडेनऊ फूट पाहिजे. वायर पाइपातून, पाइप भिंतीतून.
स्क्रू असे, की साध्या पान्याला दाद देत नाहीत.
वर लोखंडी पिंजरा.
आणि समोरच्या माडावर दुसरा,
जो दिवसरात्र यालाच बघेल.
हिशेब त्याने कॅलेंडरच्या पाठीवर लिहिला.
उजव्या हाताने. वळणदार, टपोरं.
ते अक्षर माझं आहे.

तिसरीचा वर्ग, खिडकीकडचा बाक.
उजव्याने लिही, सांगितलं ना.
फूटपट्टी आडवी नाही, उभी धरली होती मी.
दुसऱ्या दिवशी त्याची आई त्याला घेऊन आली,
बोटाला हळद, वर फडकं,
आणि माझ्याच पाया पडली.
तेव्हा सगळेच मारायचे, असं मी म्हणते.
कोणी विचारलेलं नसतानाही म्हणते.

शिडीवर तो उजव्याने सुरुवात करतो.
दोन आटे बसतात, तिसरा अडतो.
पाना हळूच डावीकडे जातो.
करंगळी बाहेर.

डावखुरे पुष्कळ असतात.
वाकड्या करंगळ्याही असतील पेडणे तालुक्यात.
मी शिडी धरून उभी होते,
दोन्ही हातांनी, घट्ट.

पिंजऱ्याला लोंबकळून त्याने दाखवलं.
आता कोणाचाच हात पोचायचा नाही, बाई.

चहा मी त्याच्या डाव्या हाताशी नेला.
त्याने कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
उजवा पुढे केला, मागे घेतला.
डाव्याने घेतला.
बशीत थोडा सांडला, तो कोणाचा ते सांगता येत नाही.

पैसे मोजून दिले. घासाघीस केली नाही.
खास पाना त्याने माझ्या तळहातावर ठेवला,
मी तो खडूच्या जुन्या डब्यात टाकला.
याचा दुसरा कोणाकडे असतो का रे?
नाही, बाई, म्हणाला,
आणि शिडी खांद्यावर घेऊन फाटकातून गेला.
जाताना मागे वळून त्याने कॅमेऱ्याकडे पाहिलं,
की माझ्याकडे. दोघंही एकाच रेषेत होतो.

रात्री मुलाचा फोन. आता किती स्वच्छ दिसतं, आई!
फाटक, काजूचं झाड, कुंपणावरचं मांजरसुद्धा.
तू पण दिसतेस. काय करतेस खांबाखाली?
हात वर कशाला केलायस?

काही नाही, म्हटलं.
कुठवर पोचतो, ते बघते.