बेल्जियम

हरभट रोडवर, टिपुगड्यांच्या सलूनमध्ये
आधी मी पाच रुपयांचं नाणं काचेला टेकवलं.
बाहेरचं नाणं, आतलं नाणं,
मधे ज्वारीच्या दाण्याएवढी फट.
म्हणजे काच जाड. जुनी.

कडेचा पैलू अंगठ्यानं चाचपला:
हातानं घासलेला, एका कोपऱ्यात किंचित चुकलेला.
यंत्र असं चुकत नाही.
चौकटीला शिसवी द्राक्षांचे घोस, एक तुटका,
त्या खाचेत वर्षानुवर्षांचा दाढीचा साबण.

"बेल्जियमचा हाय," बाळकू म्हणाला.
सगळेच म्हणतात.

खाली वीतभर पारा गेलेला.
एकोणीसला कृष्णा इथवर येऊन बसली होती,
तेवढ्या भागात अजून
गिऱ्हाइकाचे हात गढूळ दिसतात.
मनातल्या मनात मी पाच हजार उतरवले.

मग दोघांनी धरून आरसा पालथा केला.
देवदारी फळ्या, चौकोनी खिळे, कोळ्याचं घर,
आणि पेन्सिलीनं त्याच्या आज्याची उधारी:
भागूजी हमाल, दाढी तीन.
वखारवाले शहा, कटिंग एक, पोराचं एक.
हारूण पटवेगार, मिरज, दाढी दोन,
चार आणे बाकी.

अब्बा.
उभ्या जन्मात कुणाचं देणं ठेवलं नाही,
असं कबरीपाशी सांगितलं होतं आम्ही,
तीनदा विचारून.

या फळीच्या पलीकडं
मान वर करून, गळ्यापर्यंत फेसात
बसले असतील ते. घाईत असतील.
मिरजेची गाडी सुटायची असेल.

"किती म्हनता?" बाळकूनं हात पुसले.
आकडा माझ्या ओठावर होता.
म्हटलं, थांब जरा,
आधी सुटे आहेत का बघतो.