फुगीचं पाणी

खिद्रापूरच्या घाटावर
आमच्या नावेला दोन राज्यं लागतात.
पलीकडं जुगूळ. माणशी दहा रुपये,
सायकल असली तर पंधरा,
बाळंतिणीचं काही नाही.
पैसे मी घ्यायची, काठी दादा धरायचा,
आणि आबा पाण्याकडं बघत बसायचे,
जणू ते काही बोलून पुढं गेलंय
आणि शेवटचा शब्द ऐकायचा राहिलाय.

मग दादा बोटीवर लागला.
गावात सांगितलं की विचारायचे,
कुठल्या बोटीवर? तुमच्याच ना?
त्याची बोट कारखान्याच्या ऊस-यार्डाएवढी लांब
आणि तिच्यावर माणसं बावीस.
आबा म्हणाले, बावीस तर आपण एका खेपेला न्हेतो,
वर दोन शेरडं.

पहिल्या सुट्टीला त्यानं एक पुस्तक आणलं,
भरती-ओहोटीचं.
वर्षाचा एकेक दिवस, मिनिटासकट,
पाणी कधी किती चढणार, आधीच छापलेलं.
आबांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं.
"हे कुणी ठरीवलं?"
"चंद्र ओढतो पाणी, आबा."
चहा निवेपर्यंत आबा गप्प.
मग म्हणाले,
"आमचा चंद्र अलमट्टीला बसलाय.
दारं त्येच्या हातात.
कवा उघडंल, कवा झाकंल,
छापत न्हाई कोण."

त्याच साली फूग आली.
वाहत्या पुराला आवाज असतो.
फुगीचं पाणी खालून, माघारी येतं,
पाहुण्यासारखं, पायताण काढून.
आधी चुलीपाशी ओल,
मग माळ्यावर उंदरांची धावपळ,
मग तुमची एक चप्पल
तुमच्याआधी दाराबाहेर.

नाव पुरेना, तेव्हा गुऱ्हाळावरच्या काईली काढल्या.
काईलीला नाळ नाही, सुकाणू नाही,
पुढचं-मागचं काही नाही.
ती नुसती गोल, आणि आत
मागच्या हंगामाच्या गुळाचा वास.
त्यात बसल्या म्हाताऱ्या, शाळेची हजेरीपुस्तकं,
खुडूक कोंबड्या, एक शिलाई मशीन.
मशीनवालीनं चाक दोन्ही हातांनी धरलेलं,
जणू तीच हाकतेय.

रात्री आबा कंदिलाशी ते पुस्तक उघडायचे.
कुठल्याशा बंदराची भरती, पहाटे चार बारा,
आणि शेजारच्या कोऱ्या कडेला पेन्सिलीनं:
लडगे, चौघं.
मुजावर. म्हशीचं दावं कापलं.
गुरव. आला नाही.
गुरव. परत विचारलं. आला.

दादाचा फोन नवव्या दिवशी लागला.
बोट पूर्व किनाऱ्यानं वर चालली होती,
रात्री कृष्णेच्या मुखाबाहेरून गेली.
म्हणाला, मैलभर पाणी गढूळ होतं गं,
मी दोरीनं बादली सोडली,
आपलंच असणार ते.
मी फोन आबांच्या कानाला लावला.
"चाखलंस का?"
"खारट होतं."
"मग न्हाई आपलं," म्हणाले,
आणि भिंतीवरची ओली रेघ
बोटानं मोजू लागले.

पौषात दादा आला.
घरातली जमीन हलत नाही म्हणून
त्याला झोप लागेना.
सकाळी घाटावर गेला, आबांच्या हातून काठी घेतली.
नावेत नऊ माणसं, एक दूधवाला, त्याची किटली.
मळईपर्यंत नीट गेला. पुढं डोह.
काठी तळाला लागली नाही,
आणि तीन समुद्र बघून आलेला माणूस
नावेसकट गोल फिरला.
जुगूळ डावीकडं आलं, मग मागं,
मग आमचंच देऊळ समोर.
दूधवाला म्हणाला, तिकीट कुठलं काढलंय रं आम्ही?
सगळे हसले. दादा पण हसला, जरा उशिरा.
आबांनी काही शिकवलं नाही,
नुसता हात पुढं केला.

पुस्तकाचं वर्ष तेव्हा संपलेलं.
आत कुठं जागाही नव्हती.
त्या रात्री मागच्या पुठ्ठ्यावर
त्यांनी पेन्सिलीला थुंकी लावून लिहिलं:
सिद्धू. अर्ध्यातनं माघारी.
पैसे घेतले नाहीत.