शांतता राखा

तिकीट वीस रुपये.
परदेशीपुऱ्याच्या मागच्या अंगाला
मिलच्या चाळीतली एकच ओळ ठेवलीय त्यांनी,
बाकीच्या जागेवर पार्किंग.
खोली दहा बाय बारा, चुना नवा,
उंबऱ्याशी लाल दोरी.

पलक नावाची मुलगी हिंदीत समजावून सांगते,
चांगलं सांगते, पाठ आहे तिला:
इथे आठ माणसं राहत. ही शेगडी. हा पाट.
शाळेची पोरं नजरेनं फरशी मोजतात,
एक म्हणतो, उभी झोपत असतील.

नाही रे बाळा, पाळीपाळीनं.
गादी एकच होती आमची,
तिला थंड व्हायला सवड मिळाली नाही कधी:
काका उठले की आबा,
आबा उठले की आम्ही चौघं आडवी,
पाय बाहेर.

इथे वळकटी बांधून ठेवलीय, सुतळीनं, नीटस.
शेगडी चुकीच्या कोपऱ्यात आहे.
तिथून धूर थेट झोपणाऱ्याच्या नाकात जातो.
घड्याळात दहा वाजून दहा, दुकानातल्यासारखे.
आमच्याकडे घड्याळ नव्हतं,
भोंगा होता.

काचेच्या पेटीत एक धोटा.
खाली लिहिलंय, कापड विणण्याचे साधन.
असेल.
आमच्या घरात तो दाराची अडकण होता,
कडी मोडली तेव्हापासून.
गेटवरची झडती चुकवून आबांनी कसा आणला, देव जाणे.
टोकाच्या पितळेवर
माझ्या दुधाच्या दातांच्या खुणा होत्या.

आणि भिंतीवर पाटी, हिंदीत नि इंग्रजीत:
शांतता राखा.

हसू आलं मला.
एवढी एकच वस्तू अगदी आपल्या जागेवर होती.

आबांची रातपाळी असली की दिवसभर
खोलीत आवाज म्हणून पडू द्यायचा नाही.
आई पोळपाटाखाली फडकं घालायची.
बांगड्या कोपरापर्यंत वर सारायची.
आणि आम्ही भांडायचो ते मुक्यानं.
सुदाम नुसत्या ओठांनी म्हणायचा, चोर.
मी ओठांनी, तुझा बाप.
तो म्हणायचा, बाप एकच आहे आपला, गाढवे.
बिनआवाजाची शिवी जास्त लागते,
समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहावं लागतं ना.

अशी दोन-तीन वर्षं तरी गेली असतील.
मग एका दुपारी, पेरूवरून जुंपली होती,
गादीवर आबांचे डोळे उघडे.
पापण्यांवर रुईचा भुरका तसाच.
त्यांचे ओठ हलले, फक्त ओठ:
अर्धा तिला दे.

सुदामच्या हातून पेरू पडला.
साच्यांच्या खडखडाटात अठरा वर्षं
ज्यांनी एकमेकांचे ओठच ऐकले,
त्यांच्यापासून काय लपणार होतं.
पहिल्या शिवीपासून सगळं ठाऊक होतं त्यांना,
आणि तरी ते झोपलेले राहिले होते.

पोरं पुढच्या खोलीत गेली, पलक गेली.
मी दोरीपाशीच. वळकटीकडे बघून
ओठांनीच म्हटलं,
शेगडी तिकडे हवी.

कोपऱ्यात स्टुलावर पहारेकरी, म्हातारा,
बिल्ल्यावर नाव, शिवबालक.
त्याची मान हलली. मग ओठ.
मैंने भी कहा था. सुनते नहीं.

मी दोरीला धरलं.

कौन-सा खाता, त्यानं विचारलं.
वीव्हिंग. पिताजी थे. रात पाली.
मैं भी. उधर, खिडकीवाली लाइन.
बूट बांधायला मागे राहिलेला एक पोरगा
आमच्याकडे टक लावून होता,
त्याला वाटलं असेल
दोघंही काहीतरी चघळतायत.

तो गेल्यावर शिवबालकनं दाराकडे एकदा बघून घेतलं
आणि सावकाश, एकेक अक्षर सुटं करून, विचारलं,
हिसाब मिला?

मी ओठ मिटून घेतले.

तेही त्याला वाचता आलं.