काजळाचं शिंग

अक्षरामागे दीड पेनी, हा माझा दर.
माझ्या बापाचाही हाच होता.
ग्विलिम प्रॉसर टोपी चुरगाळत विचारतो,
"पूर्ण नाव केवढ्याला पडेल?"
मी बोटांवर मोजतो: केरेनहपूक.
इंग्रजीत बारा अक्षरं, आमच्या वेल्शमध्ये अकरा.
"वेल्शमध्येच घे," म्हणतो, "दीड पेनी वाचेल."
तो हसत नाही.
चाळीस वर्षं तो तिला नुसतं हॅप म्हणत आला.

नाव ठेवलं तिच्या बापानं,
आणि नावं ठेवली साऱ्या दरीनं.
एलियास पॅरी, चॅपलचा डीकन,
घरात आरसा फक्त दाढीपुरता.
घटसर्पानं एका हिवाळ्यात दोन मुलगे नेले
तेव्हापासून रात्री तो एकच पान उघडून बसायचा:
सगळं गेलेला माणूस, राखेत बसलेला,
आणि शेवटी त्याला पुन्हा झालेली लेकरं.
सात मुलगे. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.
तीन मुली. त्यांची ठेवली.
म्हणून जेमायमा, म्हणून कझाया,
म्हणून ही.
चौथी झाली तेव्हा पान संपलं होतं.
तिला नुसती ॲन म्हणतात.

नोंदणीच्या कारकुनानं लिहिलं कॅरोलाइन,
शाळेत मास्तर तिच्या हजेरीला खोकायचे,
खाणीच्या दुकानात, उधारीच्या वहीत, के. ह.

मग बँगरहून शिकून आलेला पोरसवदा पाद्री
चहा घेता घेता सहज बोलून गेला:
हिब्रूत याचा अर्थ शिंग.
काजळ भरून ठेवायचं शिंग.
हो, बायका डोळ्यांत घालतात तेच.
किटलीचं झाकण तेवढं वाजत राहिलं.
पावडर लावली म्हणून ज्यानं
ऑर्गनवाल्या पोरीला बाकावरून उठवलं होतं,
त्या एलियासनं बशी खाली ठेवली
आणि लेकीकडे असं पाहिलं,
जणू तिनंच हे नाव एप्रनखाली लपवून घरात आणलं होतं.

सतरा वर्षांची केरेन उठून दारात गेली.
पाळी सुटली होती. माणसं चढ चढत होती,
पंपावर तोंडं खसखसून धुतलेली,
पापण्यांच्या मुळाशी कोळसा तसाच,
कुठल्याच साबणाला न बधणारी ती काळी रेघ.
ती हसायला लागली, एकटीच, पोट धरून.
"बाबा, बाहेर या," म्हणाली, "बघा, कोण कोण नटलंय."
त्यांतला एक ग्विलिम.
हे मला त्यानंच सांगितलं, आत्ता,
टोपीची पार चिंधी झाल्यावर.

दगड फिकट, वाळूचा. दीड दिवस लागला.
प दोनदा येतो, एकाचेच पैसे धरले.
कोरलेलं अक्षर लांबून वाचता यावं
म्हणून दिव्याची काजळी तेलात खलून
खाचेत भरायची, अशी आमची रीत.
तीस वर्षं भरतोय. कधी काही वाटलं नाही.
आज बारीकातला बारीक ब्रश काढला,
पहिल्या अक्षरावर टेकवला, आणि हात थांबला.

मान वर केली तर ग्विलिम कुंपणाशी,
पाळीवरून थेट आलेला,
डोळ्यांभोवती ती रेघ, आणि रेघ ओली.
काय बोलायचं असतं अशा वेळी?
म्हटलं, "जरा सरक. उजेड अडतोय."