रिकामं वजन

पहिल्या दिवशी पडद्यावर एकच ओळ होती:
ताफ्यात विमान नाही. नवीन जोडा.
आणि खिडकीबाहेर पाच उभी,
दोरांनी जमिनीला बांधलेली,
पऱ्हाटीकडे तोंड करून.

मी जोडू लागले.
नोंदणी क्रमांक. बनावट. वर्ष.
तांबडी चांदणी असलेला रकाना
कोरा सोडता येत नाही.
हैदराबादचा मुलगा फोनवरून सांगायचा,
मॅडम, आधी विमान भरा, मग वैमानिक, मग उड्डाण.
विमानाशिवाय पुढे काहीच उघडत नाही.
म्हटलं, आमच्याकडेही तसंच आहे.

झिंगरूजी मसराम वही घेऊन आले.
जिनिंगच्या हिशोबाची लाल, कापडी पुठ्ठ्याची;
तिच्यात एकोणीस वर्षं:
कोणतं टायर कधी बदललं,
कोणत्या पोरानं कुठं आपटवलं.
रिकामं वजन, मी विचारलं.
त्यांनी चष्मा कपाळावर सारला.
"मोजलं होतं ना. जिनिंगातले तीन काटे आणले,
तीन चाकाखाली तीन.
दार लावून घेतलं, फटीत बारदाना कोंबला.
काहून का, वारा पंखाखाली शिरला
का इमान खोटं बोलते. हलकं सांगते."
विमानाला ते इमानच म्हणतात.
पाचशे एकवीस किलो, मी लिहिलं.
पडद्याला पौंड हवे होते.
अकराशे एकोणपन्नास.
झिंगरूजी म्हणाले, "बसल्याजागी वाढलं का?"

मुख्य तळ.
यादीत नागपूर होतं, आम्ही नव्हतो.
अक्षांश-रेखांश हाताने भरा, मुलगा म्हणाला.
मी फोन घेऊन धावपट्टीच्या मधोमध गेले.
डांबर चपलेला धरून ठेवत होतं.
पलीकडे रोह्यांचा कळप,
त्यातला काळा नर माझ्याकडे बघत उभा,
उतरायची परवानगी द्यावी की नाही अशा चेहऱ्याने.
आकडे स्थिर होईपर्यंत दोघंही हललो नाही.
संकेत चार अक्षरांचा हवा होता.
मोहटोला, चारच तर आहेत,
पण त्यांना इंग्रजी लागतात.
मोह पूर्ण बसला,
टोल्याचा नुसता ट.

दुपारपर्यंत चार झाली.
चार हिरवे ठिपके.

पाचव्याला इंजिन नाही.
त्याचा पंखा दुसऱ्याच्या नाकावर फिरतो,
खुर्च्या तिसऱ्यात,
घड्याळांच्या जागी गोल भोकं,
एकात चिमणीने काड्या आणून ठेवलेल्या.
स्थिती: सेवेत, दुरुस्तीत, विकलेले, निकामी.
यांपैकी एक निवडा.
माझा बाण शेवटच्या शब्दावर थांबला, तशी
झिंगरूजींनी वही मिटली.
"पोट्टे पहिले त्याच्यातच बसतात, बाई.
डोळे बांधून.
पेट्रोलचा नळ कुठी, बत्ती कुठी, हात लावून सांग म्हणतो.
अन् तान्ह्या पोळ्याचा बैल काय चालते?
दोरीनं ओढा लागते त्याले.
त्याले कोणी निकामी म्हणते?"

मी फोन लावला.
तान्हा पोळा मला हिंदीत सांगता येईना:
लकड़ी का बैल, चाकवाला, बच्चे सजाते हैं...
मुलगा बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, मॅडम, यादीत 'इतर' नाहीये.
दुरुस्तीत टाका. पण मग ते रोज विचारेल,
काम कधी पूर्ण होणार.

विचारू दे.

वजनाचा रकाना शून्य घेत नव्हता.
मी एक पौंड लिहिला.
ह्याला तर वारा लागायचीही गरज नाही.

आता रोज सकाळी आठला
पडद्यावर पिवळी चौकट येते.
पूर्ण होण्याची अपेक्षित तारीख?
मी 'नंतर' दाबते.
बाहेर पाचव्यात कुणीतरी नवं पोरगं,
डोळ्यांवर झिंगरूजींचा दुपट्टा,
हात चाचपडत, चाचपडत
एका भोकाच्या काठाशी येऊन थांबतो.
"उंची," ते म्हणतं.
"किती?"