पश्चिमेकडची काच

वेर्ण्याहून पोरगा आला, कस्टोडियो नावाचा,
खांद्यावर चंदेरी गुंडाळी, बादलीत शांपूचं पाणी.
"फुटाला नव्वद," म्हणाला, "सात वर्षं बघायला नको."

बायणात, चौथ्या मजल्यावर, आमची पश्चिम:
दोन ते सहा ऊन घरात वस्तीला.
सोफ्याचा एकच हात पांढरा पडलेला,
आणि मोतीबिंदू काढल्यापासून सुलक्षा
स्वतःच्याच हॉलमधून
कपाळावर तळवा धरून चालायची,
दूरवरचं जहाज शोधावं तशी.

त्यानं आधी काच धुतली.
फडक्यावर बंदराचा कोळसा उतरला.
मग ती पातळ साय पाण्यावर तरंगती ठेवली
आणि रबरी पट्टीनं पाणी कडेकडेला हाकलत नेलं,
पंगत उठल्यावर रेंगाळणाऱ्या पाहुण्यांसारखं.
उजव्या कोपऱ्यात एक फुगा राहिला.
"सुकेल. पंधरा दिवस हात लावू नका."
नाही लावला. नाही सुकला.

पण मे महिना निभला.
पंखा चारवरून दोनवर आला.
उजेड असा, जसा मडगावच्या शाळेत
शिंपल्यांच्या तावदानांतून फळ्यावर पडायचा,
ताकाच्या निवळीइतका.
आषाढात वीज चमकली तरी भिंती दचकल्या नाहीत.
डिसेंबरात मात्र, आमच्या त्या नावापुरत्या थंडीत,
पायांवर जरा ऊन हवंसं वाटलं;
हे कस्टोडियोला विचारायचं राहिलं होतं.

आणि मग मासळीबाजारात एस्परान्सा भेटली,
समोरच्या इमारतीतली, तिसरा मजला.
बांगडे निवडता निवडता म्हणाली,
"घर बंद करून खंय गेल्ले तुमी, मास्तर?"

अकरा वर्षं, पाचाच्या सुमारास,
ती कपडे काढायला बाहेर यायची
आणि चिमटे धरलेला हात वर करायची.
मीही करायचो. ओळख एवढीच.
या वर्षभरातही मी रोज केला.
तिच्या बाजूला फक्त आभाळ होतं,
आणि आभाळात तिचीच दोरी, तिचेच कपडे.

रात्री उलटं होतं म्हणे.
दिवा लागला की आम्ही तिला दिसतो,
ताटावर वाकलेले, आमटीत मीठ शोधणारे,
आणि आम्हाला काचेत आम्हीच.

आता पाचला एक झडप उघडतो.
वीतभर ऊन आत येतं, थेट सोफ्याच्या त्याच हातावर.
सुलक्षा म्हणते, दोन हजार पाण्यात गेले.
म्हणते, आणि कडी काढायला
माझ्याआधी उठते.