क्वांडोंगची बी

शनिवारी जत्रेच्या मैदानात टेबल मांडलं आम्ही,
एक पाय आखूड, त्याखाली चपटा दगड.
पलीकडे मेंढ्या कातरायची स्पर्धा,
अलीकडे मी, आणि आंटी व्हर्ना,
टोपीत काकाकुव्याचं पीस,
लोखंडी भांड्यात वॉटलच्या बिया हलवत.

"कान दे," म्हणते,
"नाकाच्या आधी कानाला कळतं."
बिया तडतडल्या, मग एकदम गप्प झाल्या.
"आता."

लोक येतात, वाकून विचारतात,
कशासारखं लागतं हे? कॉफीसारखं?
ती म्हणते, खा.
मग तू सांग, कॉफी कशासारखी लागते.

मिशनवर वाढली ती.
तिथं गुरुवारी मोजून मिळायचं पीठ, साखर, चहा.
तिची आई तारेखालून सरपटत जायची,
झग्याच्या ओच्यात खारट पाला आणायची,
दिवा न लावता शिजवायची,
आणि एकेका घासाला
एकेक नाव सांगायची कानात.
ती नावं आज पुठ्ठ्यावर आहेत, माझ्या अक्षरात.
एक आंटीनं दोनदा खोडलं,
मग म्हणाली, राहू दे, हे तोंडानंच सांगू.

दुपारी आला क्लाइव्ह हॅलोरन,
ज्याच्या पणजोबानं नदीपर्यंत तारा ताणल्या.
क्वांडोंगचे दोन टार्ट संपवले,
तिसऱ्याला हात घालत विचारलं, "फळं कुठली?"
"तुझ्याच रानातली. पंपाच्या मागची."

त्याच्या मिशीला लाल रस.
"मला वाटलं नुसतं झुडूप.
यंदा जाळणार होतो."

आंटी ढवळत राहिली.
मग ताटलीतली एक बी ॲप्रनला पुसून
ठेवली त्याच्या तळहातावर,
खळग्याखळग्यांची, गोटीएवढी.
"एकटी लावलीस तर मरेल.
दुसऱ्या झाडाशेजारी लाव.
त्याच्या मुळाला मूळ लावून पाणी पिते ही."
"चोरटीच की," तो हसला.
"कोण कुणाच्या मुळावर उठलं
हे मोजत बसले, पोरा,
तर टार्ट गार होतील."

तो बराच वेळ उभा होता,
मूठ मिटून, रांग अडवून.
जाताना म्हणाला,
"फाटकाला कुलूप लावणार नाही यापुढे."
"ते नीट लागत नव्हतंच कधी,"
आंटी म्हणाली,
आणि पुढच्याला विचारलं, साय घालू?

संध्याकाळी टेबल दुमडलं.
दगड तिथंच राहिला.
पोरं उरलेल्या बियांनी गोट्या खेळत होती,
आणि एक बी गडगडत
गाड्यांच्या रांगेखाली गेली,
तिला कुणी शोधलं नाही.